कार्डावरचा आकडा

सोमवार, ३ मार्च
वजन ९१. हृदय दुबळं झालंय, अंगात पाणी साचतं. म्हणून रोज सकाळी काट्यावर उभं राहायचं आणि भिंतीवरच्या कार्डावर आकडा लिहायचा — नर्सबाईंचा हुकूम. दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच दवाखाना!
आज केस विंचरले नाहीत. हात वर केला की धाप लागते, असं फूसीला सांगितलं. ते खरंच आहे. पण धाप लागली नसती तरी विंचरले नसते. हे लेकीला कसं सांगायचं?

बुधवार, ५ मार्च
९३. कार्डावर ९१ लिहिलं. पाणी उतरवायची गोळी घेतली नाही. कालही नाही. सारखं लघवीला पळायचा कंटाळा, असं म्हणू या.

शुक्रवार, ७ मार्च
९४. कार्डावर ९१.
विणकामाच्या छपराखालून बायकांची गाणी ऐकू येतात. फूसीच्या लग्नाची चटई. सात जणी ओळीने बसतात, प्रत्येकीचा आपला पट्टा. मधली जागा माझी. तीन महिने गेले नाही, आता दुसरी कुणी बसली असेल. बरंच झालं. मला काही वाटत नाही — खोटं! दुपारी उशीत तोंड खुपसून रडले.

रविवार, ९ मार्च
९५. फूसीने ओढतच चर्चला नेलं. सगळ्या माझ्याभोवती! "अगं बाई, काय छान भरलीस!" "मध्ये नुसती काठी झाली होती हो." "लेकीचं लग्न ठरलेलं मानवलं गं, सिलिया!"
आमच्या टोंगा बेटांवर भरलेली बाई म्हणजे सुखातली बाई. फूसीचा चेहरा असा फुलला, की मला बोलवेना. घरी अळूच्या पानात बांधून भाजलेलं डब्यातलं खारं मांस. "आई, आज थोडं चालेल ना?" चालेल म्हटलं. आता काहीही चालेल.

सोमवार, १० मार्च
९६. कार्डावर ९१.
वन्सं आल्या — ह्यांची थोरली बहीण. आमच्यात नणंदेचा मान सगळ्यांत वरचा, तिच्यापुढे आपण खाली बसायचं. मी उठायला गेले, तर त्याच जमिनीवर बसल्या. माझ्या पायाशी! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
त्यांनी अंगठ्याने नडगी दाबली. खळगा पडला, तो भरेचना.
"माझ्या नवऱ्याचे पाय असेच होते," म्हणाल्या. "मी गावभर सांगत सुटले, बघा कसा भरलाय! मला आनंद झाला म्हणून तो गप्प राहिला. त्याच महिन्यात गेला."
"वन्सं, मला जगावंसंच वाटत नाही हो." कसं निघालं तोंडातून!
वाटलं, आता ओरडतील. त्या पाय चोळत राहिल्या. "बरं. हे डॉक्टरलाही सांग. आणि ऐक, तुझ्या जागेवर कुणी बसलेलं नाही. तुझ्या पट्ट्यापाशी चटई अडलीय. तीन महिने आम्ही नुसती गाणी म्हणतोय!"

मंगळवार, ११ मार्च
९७. कार्डावरचे सगळे खोटे ९१ खोडले, खरे आकडे लिहिले. फूसीला हाक मारली — गाडी काढ, दवाखान्यात जायचंय. पण आधी माझे केस विंचरून दे.