मंजुरीआधी गाडी भरणाऱ्याचे मृत्युपत्र

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा इमारती लाकडाचा, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. प्रकृती ठणठणीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. अकलेचा दाखला मात्र कुणी देईना.

१. राहते घर पत्नीला द्यावे, असे लिहायला घेतले तेव्हा ती म्हणाली, "ते माझ्याच नावावर आहे. तुम्ही प्लायवूडच्या नादी लागलात, त्याच वर्षी करून घेतलं." सबब हे कलम निकालात निघाले.

२. बँकेतील ठेव मुलगा व मुलगी यांनी निम्मी निम्मी घ्यावी. ती मोठी नाही. बाजार आयात पाइनकडे वळला तेव्हा मी सागवान भरले. लोक प्लायवूडमधून बाहेर पडू लागले तेव्हा मी प्लायवूड दाबायचा प्रेस बसवला. गुंतवणुकीचा कल मला नेहमी कळायचा, पण वरातीमागून.

३. वखार, कारखाना व त्यातील यंत्रे ही माझी स्वकष्टार्जित मिळकत सुनेस द्यावी. 'स्वकष्टार्जित' हा वकिलांचा शब्द. कष्ट बरेचसे तिचे आहेत.

कारण लिहिणे भाग आहे. चार वर्षांपूर्वी आम्ही लाकडी पट्ट्या चिकटवून लांब तुळया करू लागलो. एका शाळेच्या सभागृहाच्या छताचे काम मिळाले. नमुने प्रयोगशाळेत गेले होते, मंजुरी यायची होती. "पास झाल्यातच जमा आहे," असे म्हणून मी गाडी भरायला लावली. सुनेने फाटकाला कुलूप घातले.

"किल्ली दे," मी म्हणालो.

"कागद येऊ द्या, बाबा. मग गाडी मी स्वतः ढकलते."

काम दुसऱ्याकडे गेले. सुनेने धंदा बुडवला, असे मी बाजारभर सांगत फिरलो. एकोणीस दिवसांनी अहवाल आला. दमट हवेत ठेवून भार दिल्यावर सहापैकी चार तुळया सांध्यात उकलल्या होत्या. गोंद मी बदलला होता, स्वस्तातला मिळाला म्हणून. त्या छताखाली मुले बसणार होती.

अहवाल मी खणात कोंबला. त्याची दुसरी प्रत थेट तिच्याकडे गेली होती, हे मला गेल्या महिन्यात कळले. तिने एका शब्दाने विचारले नाही. गोंद बदलला, नमुने पुन्हा पाठवले आणि आठ महिन्यांनी मंजुरी आणली. आज आमची चूल त्याच तुळयांवर पेटते.

४. मुलाला वखार देत नाही, यात राग नाही. तो माझ्यावर गेला आहे. त्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "सुटलो."

५. माझा रंधा, पटाशा व काटकोन पाहायचा गुण्या ही हत्यारे आमच्या कारखान्यातल्या मिस्त्रींना द्यावीत. गोंदाला भलताच वास येतोय, असे ते तेव्हाच म्हणाले होते. "तुम्ही रंधा मारा, नाक खुपसू नका," असे मी म्हणालो. त्यांच्या नाकाची मी माफी मागतो.

६. माझ्या पश्चात तो अहवाल वखारीच्या दारावर लावावा. सुनेबद्दल मी बाजारात जे बोललो ते खोटे होते, असे त्याखाली लिहावे.

हे कलम वाचून पत्नी म्हणाली, "मेल्यावर कशाला? आज हात चालतात की."

म्हणून सही करण्याआधी जाऊन लावून आलो. समोरचे दोघे दुकानदार चष्मे लावून वाचायला आले. खिळा वाकडा गेला. सून बाहेर आली, तिने वाचले, कागद सरळ केला आणि म्हणाली, "जेवायला चला, बाबा." कलम सहा रद्द समजावे.

सुनेस मिळकत मिळत असल्याने ती साक्षीदार होऊ शकत नाही, असे वकील म्हणतात. कायद्यापुढे इलाज नाही.

लिहून ठेवणार: (सही) वखारवाला

साक्षीदार:
१. (सही) दाखला देणारे डॉक्टर
२. (सही) समोरचे हार्डवेअरवाले. अहवाल दोनदा वाचून

ठिकाण: वखारीचे कार्यालय
दिनांक: ९ फेब्रुवारी, दुपारी, जेवण झाल्यावर