चिखलाच्या हातातला आडवा फोन

प्रिय मीनल,

काल अनुजाचा फोन आला. तुझ्यामागे आपलं इर्जिकीचं अ‍ॅप तुझी ही ऑफिसातली मैत्रीणच सांभाळते. तिने विचारलं, यंदाच्या लावणीआधी पडदा कायमचा उभाच ठेवू का? म्हणजे फोन कसाही धरला तरी अ‍ॅप फिरणार नाही आणि तिचं तपासणीचं काम निम्म्यावर येईल. उत्तर नंतर देते, म्हटलं. आधी तुझ्याशी बोलायला हवं होतं. सासूबाईंना पत्र आत्ता सुचलं का, असं म्हणशील. म्हण.

अ‍ॅपची कल्पना माझी, हे विसरली नाहीस ना? वडिवळ्यात भाताची लावणी इर्जिकीने होते. आज सगळ्या बाया माझ्या खाचरात, उद्या दुसरीच्या; जिचं खाचर, तिच्याकडे त्या दिवशीचं जेवण. कुणाची पाळी कधी, यावरून बांधावर दरवर्षी वाद. सून पुण्यात जगासाठी अ‍ॅप बनवते, तर घरच्या गावासाठी एक का नको? तू "बरं आई" म्हणालीस आणि बनवून दिलंस.

पहिल्याच लावणीत सखूमावशींचं नाव गायब झालं. त्या वरच्या वाडीतल्या, घरात एकट्या. रोपं जून होत चाललेली, आणखी थांबली तर पीक हातचं जाणार. त्या अ‍ॅपमध्ये नाव घालायच्या आणि यादीत ते यायचंच नाही. मी जुनी बी.एस्सी., जन्मभर शाळेत शिकवलेलं. त्यांनी बटण नीट दाबलं नसेल, असं म्हणून मी त्यांना पुन्हा पुन्हा समजावत बसले.

"म्या घातलंतं नाव, बाई," मावशी म्हणाल्या. "फोनच गिळतोय. आता त्याला बी जेवाय वाढू का इर्जिकीला?"

बाया हसल्या. तू हसली नाहीस. सुट्टी काढून आली होतीस, पण फोन हातात घेतलाच नाहीस. बांधावर उभी राहून नुसती त्यांच्या हातांकडे बघत राहिलीस. मला तेव्हा राग आला होता. कामाला आलीस की गंमत बघायला?

पण तुला जे दिसलं ते मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. कोपरापर्यंत चिखल असलेली बाई फोन मुठीत धरत नाही. गरम ताटली धरावी तशी दोन्ही कडांना धरते, म्हणून फोन आडवा होतो. करंगळीने नाव लिहिते आणि शेजारणीकडे देते. देताना फोन उभा होतो, आणि नाव जातं.

रात्री तू मला समजावून सांगितलंस. "आई, फोन फिरला की अ‍ॅप जुना पडदा मोडतं आणि नवा मांडतं. मोडायच्या आधी त्यावरचं लिहिलेलं बाजूला काढून ठेवायला हवं. ते माझ्याकडून राहिलं."

इतकं सरळ! ना सबब, ना कुणावर ढकलणं. तुझ्या ऑफिसातल्यांनी तेव्हाही हेच सुचवलं होतं, पडदा उभा करून टाक. तू नाही म्हणालीस. आडवा धरला की अक्षरं मोठी दिसतात आणि मावशींना तेवढीच दिसतात, हे तू त्यांना ऐकवलंस. "फोन कसा धरायचा ते त्या ठरवतील. सांभाळून घ्यायचं काम आपलं."

मग माझ्या स्वयंपाकघरात तुझा कारखाना सुरू झाला. लिहिलेलं प्रत्येक अक्षर लगेच जपून ठेवायची सोय केलीस. आडव्या फोनवर कीबोर्डखाली झाकलं जाणारं बटण वर आणलंस. आणि तपासणी कशी? भाकरीच्या पिठाने हात बरबटून फोन उभा-आडवा, उभा-आडवा! पीठ आत जाईल म्हणून मी ओरडले, तर म्हणालीस, "जाऊ दे आई, तिथे चिखल जातो."

त्या आठवड्यात सगळ्या बाया वरच्या वाडीत उतरल्या. मावशींची लावणी वेळेत झाली. मी तुला तोंडावर शाबासकी दिली नाही. आमच्या पिढीला ते जमत नाही, पण तुला कळलं असणार. कळलं होतं ना?

एक काम मात्र तू अर्धं टाकून गेलीस. दवाखान्यात कुशीवर पडून तू फोन बघायचीस आणि पडदा नको तिकडे वळायचा. "बघा आई, आडवं पडलेल्या माणसाचा मी विचारच केला नाही. बरी झाले की एक बटण टाकते. पडदा वळू द्यायचा की थांबवायचा, ज्याचं त्याने ठरवावं." बरी होणार होतीस, मीनल. तसं कबूल केलं होतंस.

अनुजाला मी रविवारी वडिवळ्याला बोलावलंय. पीठ मळून ठेवणार आहे. तिचे हात त्यात घालायला लावीन आणि मगच फोन देईन. पडदा बांधून ठेवायचा नाही, हे माझं उत्तर. शिवाय तुझं ते बटण या लावणीआधी त्यात बसलेलं असेल. तपासायला मी स्वतः तुझ्या खोलीतल्या पलंगावर कुशीवर पडेन, आणि बटण दाबल्यावर पडदा माझ्या डोळ्यांपुढे सरळ थांबेपर्यंत उठणार नाही.

तुझी,
आई