उद्या धुरात शिरण्याआधी

मी, कुमारी केशर लिंबाजी अवचार, बी.एस्सी., राहणार सेलू, जिल्हा परभणी, पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवते. ताप नाही, दुखणे नाही.

कारण असे. माझे वडील इथल्या जिनिंगच्या आगीच्या बंबावर कामाला आहेत. कापसाच्या गंजीला आग लागली की बंबाची माणसे उघड्या तोंडाने आत शिरतात आणि बाहेर आल्यावर गूळ खातात. गुळाने धूर उतरतो, असा सर्वांचा भरवसा. वडिलांच्या बरोबरीने बंबावर असलेल्या आश्रुबाकाकांनी जन्मभर गूळ खाल्ला. बंब सोडल्यावरही त्यांच्या खोकल्यातून काळे पडत राहिले. ते गेले ते खाटेवर, म्हणून आगीने मेलेल्यांत त्यांना कुणी धरले नाही. बंबावरचेच चंद्रभानकाकाही तसेच गेले. आता वडील खोकतात.

मी जाड कापडाची, भिजवून बांधायची मुखपट्टी शिवली. वडील म्हणाले, "तोंड झाकून आग विझवायला आमी काय नव्या नवऱ्या हाव?"

बंबाचे मुकादम व्यंकटराव हसले, "मग बाई, सरावाला तुमीच बांधून दाखवा की!"

मी हो म्हटले. वडील भडकले, "धुरात जायची लय हौस हाय ना? आधी मृत्युपत्र लिही!"

तर लिहिले. उद्या सकाळी सरकीच्या रिकाम्या कोठारात सरावाचा धूर करतील. मी जाणार!

१. माझी सायकल धाकटी बहीण बायना हिला. तिने ती शाळेलाच न्यावी.

२. माझे चांदीचे तोडे मोडून बंबावरच्या प्रत्येकाला मुखपट्टी शिवावी. आईने हळहळू नये. ते मला काचतच होते.

३. बंब सोडलेल्या माणसांचीही छाती दरसाल तपासावी, ही मालकांना विनंती. हे माझ्या मरणावर अवलंबून ठेवू नये.

४. माझ्या वाट्याचा गूळ मुकादमांना. धुरासाठी नव्हे, जिभेसाठी.

५. माझी मुखपट्टी वडिलांना. मी सुखरूप बाहेर आले, तर हे कलम तिथेच, कोठाराच्या दारात लागू व्हावे.

सेलू, २२ सप्टेंबर १९५७
सही: केशर लिंबाजी अवचार

साक्षीदार:
धुरपताबाई किशनराव, शेजारीण (सही)
लिंबाजी अवचार, वडील (डाव्या अंगठ्याची निशाणी)

वाचून दाखवल्यावर, अंगठा उठवण्याआधी, वडिलांनी एवढे लिहायला लावले: "पोरीच्या म्होरं मी शिरणार. मलाबी एक पट्टी भिजवून ठेवा."