नेस्टाला तीन मतं

फरवानिया, कुवेत, शुक्रवार

प्रिय आदित्य,

आठवडाभर हे पत्र मनात लिहितोय. आज कागदावर उतरवतो आणि फोटो काढून तुला पाठवतो. मोबाईलवर लिहिलं की खोडलेलं दिसत नाही. इथं दिसू दे.

गेल्या शुक्रवारी मॅच संपल्यावर आपल्या इथल्या टीमच्या ग्रुपवर गोलकीपर महबूबनं मतदान ठेवलं. इटलीचा सगळ्यात भारी डिफेंडर कोण? मालदिनीला सोळा, कानावारोला बारा आणि तुझ्या नेस्टाला तीन. त्यातलं एक माझं. तू असतास तर ग्रुपच सोडला असतास लेका! कोल्हापुरात पेठेच्या टीमकडून खेळताना तू किती अलगद बॉल काढून घ्यायचास. समोरच्याला कळायचंसुद्धा नाही. पण खांद्यावर घेऊन मिरवायचे ते मला, कारण गोल माझा असायचा. तू बूट हातात घेऊन मागून यायचास, हसत.

मी महबूबशी भांडलो. म्हटलं, दोन हजार सहाच्या वर्ल्डकपला तिसऱ्याच मॅचमध्ये नेस्टा जायबंदी झाला नसता, तर बघितलं असतं. तो हसून म्हणाला, “अरे, उसकी जगह जो आया, फायनल में गोल उसी ने मारा ना! लोग उसी को याद रखते हैं.” सगळे हसले. मी बूट न काढताच घरी आलो. तेव्हापासून जेवताना उठतो, खिडकीशी जातो, परत येतो. संपदा विचारते, नोकरीत काही झालंय का? बायको असून तिलाही मी सांगितलेलं नाही.

नोकरीत तसं बरं आहे. हॉस्पिटलात एमआरआयचं नवं मशीन आलंय, ते माझ्याकडेच असतं. सगळे ‘नीरज सर’ म्हणतात. त्या हाकेला अजून मी लगेच ओ देत नाही.

दोन वर्षांपूर्वी तू इथून गुडघ्याच्या ऑपरेशनला गावी गेलास, तेव्हा मॅनेजर शरद सरांनी मला कंपनीच्या मिरकाबमधल्या ऑफिसात बोलावलं होतं. आदित्य कधी येईल, त्याचा अकामा संपत आलाय, राहायचा परवाना रिन्यू करायचाय, एमआरआयच्या इन्चार्जची जागाही त्याच्यासाठीच ठेवलीय, असं म्हणाले. आदल्याच दिवशी तू मला फोनवर ‘दोन महिने’ सांगितलं होतंस. मी म्हणालो, “सर, तो आता येणारच नाही.” तुझी जागा मला मिळाली. हे तुला कुणी सांगितलं की तू स्वतःच ओळखलंस, माहीत नाही. पण वर्षभर तू माझा फोन उचलत नाहीस आणि कारण विचारायची माझी छाती झाली नाही.

काल शरद सरांना सगळं सांगितलं. त्यांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाले, “तुझं काय करायचं ते नंतर. आधी त्याचा नंबर दे.” कंपनीच्या एगैला भागातल्या नव्या क्लिनिकला माणूस हवाय. रविवारी ते तुला फोन करतील. यायचं की नाही ते तू ठरव, मला माफ करायचं की नाही तेही. पण कुवेतचा नंबर दिसला म्हणून फोन कापू नकोस, भावा. तो मी नसेन.

तू नको म्हणेपर्यंत तुझाच,
नीरज