पोस्टवरच्या माणसाला

प्रिय अप्पा,

काल तुमचा दहावा झाला, आणि तुमच्यासारखाच फौजी झालेल्या माझ्या पाठच्या दिनूला अजून पत्ताच नाही! आई म्हणते, "पोरगं पोस्टवर हाय. वाट बर्फानं बंद. येता येनार नाय, नुसतं झुरंल. सुट्टीवर आला की सांगू." काय करावं ते कळेना, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले.

लहानपणी मी विचारलं होतं, पोस्ट म्हणजे काय हो? शेजारचे गुरुजी ऐटीत सांगायचे, "माझी पोस्ट हरसूलला." तुम्ही किती हसलात! म्हणालात, "गुरुजींना रोज एसटी मिळते गं. आमची पोस्ट म्हणजे डोंगरावरचा बंकर, सात-आठ माणसं, आणि त्याच्यापुढं आपलं कुणी नाही." हिवाळ्यात पत्रांची पिशवी हेलिकॉप्टरनं वरून टाकतात, माणसाला मात्र खाली उतरता येत नाही, हेही तेव्हाच कळलं.

म्हणूनच गावातल्या फौजींच्या घरांत रीत होती, पोस्टवर वाईट बातमी कळवायची नाही.

आजी गेली तेव्हा मी सातवीत होते. आईला लिहिता येत नव्हतं, पत्रं माझ्याच हातची. "आजी मजेत आहे, तुमची आठवण काढते." अशी तीन पत्रं लिहिली हो मी! चैत्रात तुम्ही मळ्यातूनच तिला हाका मारत आलात, हातात तिच्यासाठी शाल. आईनं पदर तोंडाला लावला, आणि तुम्हाला कळलं. तुम्ही कुणालाच बोलला नाहीत. संध्याकाळी मला एवढंच म्हणालात, "अक्षर सुंदर आलंय तुझं." त्यापेक्षा एक ठेवून द्यायची होती, अप्पा!

पण तुम्ही तरी कुठे धुतल्या तांदळासारखे? पायाची दोन बोटं बर्फानं गेली आणि पत्रात काय, तर "मी मजेत." फार राग आला होता तुमचा. अजून येतो, आणि जीवही तुटतो.

परवा दिनूचं पत्र आलं, वाट बंद व्हायच्या आधी टाकलेलं. विचारतोय, "अप्पांचे गुडघे कसे आहेत?" काय उत्तर देऊ त्याला? सकाळी आईला स्पष्ट सांगितलं, मी खोटं लिहिणार नाही. रडेल, रडू दे. सोबतची पोरं सांभाळतील त्याला.

आई उठून चुलीपुढं जाऊन बसली. आत्ता दारात येऊन म्हणाली, "लिही बाई. पन वरच लिही, आधी जेवून घे, मंग वाच."

तसंच लिहिते. आणि तुम्हाला शब्द देते, या घरातून पोस्टवर यापुढे खोटं पत्र जाणार नाही.

तुमची,
सुमी