होकाराचं बटण

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

संकल्प. एक, वेबसाईट आठ दिवसांत लाइव्ह. दोन, रोज पहाटे पाचला उठणे. तीन, दिपालीशी बोलताना घाम येऊ न देणे.

काम तसं किरकोळ. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या मंडळाची वधू-वर परिचय वेबसाईट. मेळावा २३ तारखेला. अध्यक्ष राजेंद्रकाका, एसटीतून रिटायर, आवाज अजून स्टँडवरचाच. मी तयार टेम्पलेट विकत घेतलं होतं. काकांनी बघितलं आणि विचारलं, हे रास, नाडी, मंगळ काय भानगड आहे? आपण बौद्ध माणसं पत्रिका कधीपासून बघायला लागलो? मी म्हणालो, आजच काढणार होतो.

मंडळाची पद्धत अशी: मुलाच्या पसंतीचा फॉर्म कागदावर येणार, खाली आईची नायतर वडिलांची सही. तो मी साईटवर चढवायचा. मुलीनं साईटवर होकार किंवा नकार द्यायचा. होकार आला तरच दोन्ही घरांना एकमेकांचे नंबर. कागदांची फाईल दिपाली सांभाळते. दिवसा पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी, संध्याकाळी मंडळात. स्थळांच्या यादीत तिचंही नाव आहे. सहज बघितलं.

५ नोव्हेंबर, बुधवार, दुपारी ३

एकशे बारा कागद चढवले. दिपालीसाठी तीन. त्यात एक सत्यम, जालना, बँकेत, उंची पाच अकरा. सगळं जसंच्या तसं टाइप केलं. पाच एक करावं असं क्षणभर वाटलं होतं, केलं नाय. ह्याला म्हणतात चारित्र्य.

मग चौथी पसंती टाकली. माझी. नाव, फोटो, शिक्षण, सगळं खरं. कागद तेवढा केला नाय. कागद म्हणजे आईची सही, आणि आईला सांगितलं म्हणजे गल्लीला सांगितलं. होकार आला की आईपुढं थेट सूनच उभी करू.

बटण दाबलं. हिरवी पट्टी आली: पसंती पोचली. बराच वेळ तेच वाचत बसलो.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

दिपालीचा फोन. जयभीम झाला. म्हणाली, होकाराचं बटण दाबलं की लाल पट्टी येते, पुढं काहीच होत नाय.

होकाराचं! नकाराचं नव्हे.

कुणाला होकार, ते विचारलं नाय. काही गोष्टी कळून घ्यायच्या असतात. एवढंच म्हणालो की माझ्याकडं तर व्यवस्थित चालतंय. ती म्हणाली, बाकी मुलींचेही फोन येतायत. येत असतील. आपलं सांगायला लाज वाटली की माणूस चार जणांची नावं पुढं करतं.

८ नोव्हेंबर, शनिवार

रोग सापडला. ह्याला कॉर्स म्हणतात. आपली साईट एका पत्त्यावर, माहिती ठेवणारा सर्व्हर दुसऱ्या पत्त्यावर. चिठ्ठी न्यायच्या आधी ब्राउझर सर्व्हरला विचारून येतो, अमुक पत्त्यावरून आलेलं घेणार का? सर्व्हरनं व्हय म्हटलं नाय तर चिठ्ठी जागची हलत नाय.

माझा क्रोम चिठ्ठी नेतो. तिचा फायरफॉक्स नेत नाय. निदान: फायरफॉक्सचा दोष. तिला क्रोम टाकायला सांगितलं.

पाचला उठणे सोमवारपासून.

१० नोव्हेंबर, सोमवार

तिनं क्रोम टाकला. लाल. काकांच्या लॅपटॉपवर एज आहे, तिथं लाल. एका मुलीचा आयफोन, सफारी, तिथंही लाल. माझ्याकडं हिरवं. म्हणजे दोष माझ्याकडं नाय, हे तर सिद्धच झालं. सगळ्यांचं नेट खराब आहे असं काकांना कळवलं.

काका म्हणाले, गाडी बंद पडली की ड्रायव्हरनं रस्त्याला शिव्या द्यायच्या नसतात. एसटीतल्या माणसाला सॉफ्टवेअर काय कळणार.

साडेआठला उठलो. थंडी पडायला लागली आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मंडळाच्या ऑफिसात जाऊन प्रत्यक्ष पाहणी. नवा शर्ट. चार कचोऱ्या नेल्या. दिपालीनं खुर्ची दिली, पाणी दिलं. घाम आला, पण पंखा बंद होता.

तिच्यासमोर बटण दाबलं. लाल. ती म्हणाली, मेळाव्याच्या आधी होईल ना हो? एक उत्तर द्यायचं राहिलंय. समोरचा माणूस वाट बघत असेल, त्याला वाटेल हिनं मुद्दाम लटकवलं. हे बोलताना ती खाली बघत होती. टेबलावर बघण्यासारखं काहीच नव्हतं.

मी म्हणालो, वाट बघणारा बघतो, तुम्ही काळजी करू नका. लई भारी बोललो. घरी येईपर्यंत स्वतःलाच दोनदा म्हणून दाखवलं.

कचोऱ्या काकांनी खाल्ल्या. तिचा उपवास वगैरे नव्हता, विचारलं मी.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सर्व्हरला सरसकट सांगून टाकलं, कुणाचंही घे. दार सताड उघडं. तरी लाल. कारण आपल्या मुली लॉगिन करून येतात, आणि लॉगिनवाल्यांना अशी सरसकट परवानगी ब्राउझर मानतच नाय. पत्ता नावानिशी लिहा म्हणतो. माझ्याकडं मात्र अजून हिरवं, त्यामुळं नेमकं काय चुकतंय ते दिसेना.

काकांचा फोन. बास झाला तमाशा, साईट बंद करा, होकार-नकार मेळाव्यातच कागदावर घेऊ.

कागदावर? फाईलला माझा कागदच नाय. काका नावं वाचणार, तिच्यापुढं तीन नावं येणार, चौथं येणारच नाय. ती बिचारी शोधत बसेल. काकांकडून गुरुवारपर्यंत मुदत घेतली. गयावया केली असं काका म्हणतील. विनंती केली.

आई म्हणाली, दुनियेची लग्नं जमवतोयस, तुझा कागद कधी भरायचा रे बाबा? आण, मी सही करते. मी म्हणालो, आई, कागदाचा जमाना गेला. तिनं पेन परत डब्यात ठेवलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार, सकाळी ११

चुकून इनकॉग्निटो खिडकी उघडली. माझ्याच लॅपटॉपवर, माझ्याच क्रोममध्ये लाल.

आधी वाटलं, लॅपटॉपलाही ह्या लोकांचा वाण लागला. मग आठवलं. दोन वर्षांमागं दुसऱ्या कामासाठी एक एक्स्टेंशन लावलं होतं. ब्राउझरची ती विचारपूसच बंद करून टाकणारं. इनकॉग्निटोत ते चालत नाय, म्हणून तिथं खरं दिसलं.

म्हणजे ही साईट कुणाकडंच कधी चालली नाय. बारा दिवस मी एकटाच हिरवं बघत होतो.

काकांना कळवलं: सखोल तपासाअंती मूळ कारण हाती आलं आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार, दुपारी २

एक्स्टेंशन काढलं. सर्व्हरच्या यादीत साईटचा पत्ता नावानिशी लिहिला. क्रोम हिरवा, फायरफॉक्स हिरवा, एज हिरवा. आयफोनवाल्या मुलीचं तेवढं लाल. काकांनी व्हॉट्सॲपवर फिरवलेल्या लिंकला पुढं www आहे, ती त्यावरून आली होती. ब्राउझरच्या लेखी तो वेगळाच पत्ता. तोही लिहिला. सगळीकडं हिरवं.

दिपालीला स्वतः फोन केला. म्हणालो, आता दाबा. ती हसली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा ऐकलं तिला हसताना. म्हणाली, खरंच? थांबा, घरी जाऊन लगेच दाबते.

अर्धा किलो पेढे आणले. आईला संध्याकाळी सांगायचं. आधी पेढा हातात द्यायचा, मग नाव.

सायंकाळी ५.४०

सर्व्हरवर पहिलं उत्तर दिपालीचंच आलं. होकार. सत्यम, जालना.

वाटलं, बोट चुकलं असेल. दोन नावं खाली-वर आहेत, आयफोन नसला तरी मोबाईलच तो. बसून राहिलो. आता माझं येईल.

५.४४

आलं. नकार. कारणांच्या यादीत वय, उंची, शिक्षण, गाव आहे. तिनं ‘इतर’ निवडलं. खाली लिहिलंय: ह्या नावाचा कागद फाईलला नाही. टेस्टिंगची नोंद दिसते. काढून टाकावी.

नाव माझं. फोटो माझा. दादाच्या लग्नातला, इस्त्रीच्या शर्टातला. तो बघूनसुद्धा हा माणूस खरंच विचारत असेल असं तिला वाटलं नाय.

खराखुरा नकार दिला असता तर निदान रागावता आलं असतं. लई दुखतंय. आईला सांगावं तर तिला मुळातच काही माहीत नाय. पेढे बघून तिनं विचारलं, कशाचे? साईट सुरू झाल्याचे, म्हणालो. तिनं एक खाल्ला, माझ्या तोंडाशी एक धरला. खावा लागला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी दिपालीचा फोन. दोन्ही घरांना नंबर मिळाले. जालन्याची मंडळी मेळाव्याला येणार, तिच्या घरी सगळे खूश आहेत. म्हणाली, तुमच्यामुळं वेळेत झालं हो. मी म्हणालो, कामच आहे माझं.

मग तिनं जरा चाचरत विचारलं, ती तुमच्या नावाची नोंद टेस्टिंगचीच होती ना? काका मेळाव्यात माईकवर साईटवरची सगळी नावं वाचणार, तुम्हाला उगाच अवघड होईल, म्हणून लिहिलं मी तसं. विचारून चांगली थांबली होती. खरं सांगायला तेवढा वेळ पुरला असता.

मी म्हणालो, व्हय, टेस्टिंगचीच.

मग आत्ताच काढता का, म्हणाली, मीही इथं काकांच्या यादीतून खोडते. फोन कानाला धरूनच काढली. तिनं विचारलं, निघाली का? म्हणालो, निघाली.