राक्षसाला वजन हवं

दि. २ फेब्रुवारी

चि. खटपट्या यास अ. उ. आ.

आमचा ड्रमवाला पळाला. दुसऱ्या कंपनीत नाही, थेट सासुरवाडीला. सासऱ्यांचं दुकान सांभाळणार म्हणतो. जाताना ड्रम घेऊन गेला. ते त्याचेच होते, बोलता येत नाही. आता माझ्या बाहुल्यांच्या खेळात सगळं आहे, ठोका नाही. बाकीच्या पात्रांचं मी तोंडाने भागवीन, पण राक्षसाचं काय? दारापेक्षा उंच आहे आणि आत नुसता स्पंज आणि जुन्या चादरी. पाऊल टाकतो तेव्हा उशी पडल्यासारखी वाटते. त्याचं सगळं वजन ड्रममध्ये होतं रे.

सभागृहाच्या मॅनेजरने बजावलंय, २५ तारखेचा खेळ रंगला तर दर रविवारची दुपार आमची, नाही तर जादूगाराची. तो जादूगार जिन्यात भेटला की आत्तापासूनच सांत्वनाला आल्यासारखा हसतो.

तू त्या खोलीत सोल्डर जाळत बसतोस, त्यातून एक तरी धप्प निघतो का ते कळव. फोन करू नकोस. तू फोनवर व्याख्यान देतोस आणि माझी भाजी करपते.

लोभ आहेच, तो या खेपेला आवाजासकट पाठव.

तुझी
ताई


दि. ६ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

‘एक तरी धप्प’ हे शब्द मी माफ केले, कारण तू थोरली आहेस. सोबतच्या खोक्यात धप्पांचं कोठार आहे. याला सेमी-मॉड्युलर अ‍ॅनालॉग सिंथेसायझर म्हणतात. हा खास ठोक्यांसाठीचा आहे, आणि कुठल्याही कॉलेजची पायरी न चढता मी एकट्याने बनवलेला आहे. भाऊजी विचारतील, आत कॉम्प्युटर आहे का. नाही. आत वीज आहे आणि अक्कल आहे, दोन्ही माझ्या खोलीतल्या.

आता नीट वाच. पूर्ण मॉड्युलर यंत्र म्हणजे सगळे सुटे भाग. वायरी खुपसल्याशिवाय हूं की चूं करत नाही. यातले भाग मात्र घरच्या माणसांसारखे आतल्या आत एकमेकांशी जोडलेले आहेत. रबरी चकतीवर बोट आपटलं की एक भाग सूर काढतो, दुसरा त्या सुराला वरून खाली पाडतो, तिसरा वेळेवर त्याचा गळा दाबतो. झाला ठोका. पण पुढच्या एखाद्या भोकात वायर घातलीस की तिथली आतली जोडणी सुटते आणि बाहेरून आलेल्या पाहुण्याचं राज्य सुरू होतं. म्हणून चारही वायरी पिशवीतच राहू देत. भोकांभोवतीचे रंग हे बायकोचं नेलपॉलिश आहे. हाताला लागलं ते लावलं, त्यात अर्थ शोधू नका.

राक्षसाचं पाऊल मी लावूनच दिलंय. आधी ढब्ब आला, तो ओला वाटला. मग धम्म, पण धम्म हा पडणाऱ्याचा आवाज, चालणाऱ्याचा नव्हे. हवा होता धप्प, म्हणजे आधी तळवा टेकतो आणि मागून वजन येतं. खिडकीच्या काचा हलल्या तेव्हा थांबलो. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले, त्यांनाही ऐकवला. ते कानांवर हात ठेवून खाली गेले. भारावले असावेत.

नॉबना कुणी हात लावायचा नाही. कुणी म्हणजे कुणीही.

माया व्होल्टेजसारखी स्थिर राहावी, ही विनंती.

तुझा
भाऊ


दि. ११ फेब्रुवारी

चि. खटपट्या यास अ. उ. आ.

यंत्र पोचलं. पहिला धप्प वाजवला तेव्हा फळीवरच्या डब्यांची झाकणं उडाली आणि मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले. या वयात शोभत नाही, म्हणून दार लावून नाचले.

दुसऱ्या दिवशी तालीम. कंपनीतल्या चारही पोरी बाहुल्या घेऊन सज्ज, राक्षस मी दोन्ही हातांवर पेललेला. त्याने गर्जना केली, पाय उचलला, टाकला, आणि आवाज आला, पुक्.

बाटलीचं बूच निघाल्यासारखा. दुसरं पाऊल, पुक्. पोरी बाहुल्यांसकट आडव्या.

चौकशी केली तर तुझे भाऊजी. ह्यांचा जन्म नकाशे आखण्यात गेला, भिंतीवरचा फोटो वाकडा असला तर ह्यांना घास उतरत नाही. ह्यांनी यंत्र प्रेमाने पुसलं, आणि नॉबवरच्या पांढऱ्या रेघा कुठेही बघत होत्या म्हणून सगळ्या सरळ उभ्या केल्या, शाळेच्या प्रार्थनेसारख्या. वर मलाच म्हणाले, आता कसं शिस्तीत दिसतंय.

जुना धप्प परत आणायचं बटण कुठलं, तेवढं सांग. दोन आठवडे उरलेत.

माझा राग ह्यांच्यावर, लोभ तुझ्यावर, असंच चालू राहू दे.

तुझी
ताई


दि. १४ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

असं बटण नाही. अ‍ॅनालॉग यंत्राला स्मरणशक्ती नसते. नॉब जिथे उभा, तिथला आवाज. जागा टिपून का ठेवल्या नाहीत, हे विचारू नकोस. कानाने लावणारा माणूस टिपणं काढत नाही. भाऊजींना सांग, समुद्रकिनारा वाकडा असला तर तो तुम्ही पट्टीने सरळ करत होतात का?

आता मी सांगतो तसं कर. सगळ्यात डावा नॉब सुराचा. तो खाली आणत जा, खोलीतली एखादी वस्तू कुरकुरू लागेपर्यंत. दुसरा सूर किती उंचावरून पडतो त्याचा. तो जास्त झाला तर राक्षस पिस्तूल झाडल्यासारखा चालेल. तिसरा लांबीचा. ठोक्याला शेपूट राहिली तर कमी कर, ठप्प होऊन बसला तर वाढव.

फोनवर ऐकवते म्हणशील, तर फोनला जाड आवाज झेपत नाहीत. तुझा राक्षस इकडे उंदीर होऊन पोचेल. लिहूनच कळव, पण नेमकं लिही. धप्प, धब्ब, ढप्प आणि थप्प हे चार वेगळे आवाज आहेत. ‘जरा बरा’ हा आवाज नाही.

ममता असू दे, आणि भाऊजी यंत्रापासून हातभर लांब असू देत.

तुझा
भाऊ


दि. १७ फेब्रुवारी

प्रिय मेव्हणेबुवा यांस स. न. वि. वि.

पत्र मी लिहितो आहे, कारण तुमच्या ताईला हसू आवरत नाही. रेघा सरळ केल्याबद्दल दिलगीर आहे. त्या वाकड्या होत्या, हे मात्र मी मागे घेणार नाही.

तुमच्या सूचनांबरहुकूम नॉब फिरवले. फार तर ढप्प निघाला. इतक्यात पिशवीतली पिवळी वायर दिसली. यंत्राच्या तोंडावर दोनच भोकांना पिवळी कडी. एक पिवळी वायर, तिला दोन टोकं, आणि दोन पिवळी भोकं. नकाशात रंगाला अर्थ असतो. जोडली.

आणि काय सांगू! धु-ऊ-प्! पाऊल जड पडतं, आणि पडल्या पडल्या आवाज टुणकन वर उडतो. राक्षसाला उचकी लागली हो! तो डरकाळी फोडून येतो, पाय आपटतो, धु-ऊ-प्, आणि स्वतःच दचकतो. पुन्हा जपून पाय टाकतो, पुन्हा उचकी. तुमच्या ताईने तिथल्या तिथे प्रवेश बसवला; राजकन्या त्याला पाणी पाजते, पाठीवर थोपटते, दादा श्वास रोखून धरा म्हणते. चकतीवर बोट माझं असतं. आयुष्यात प्रथमच मी काहीतरी वाजवतो आहे. तेव्हा वायर अशीच राहील.

तुमचा स्नेह सरळ रेषेत राहावा, ही इच्छा.

आपला
भाऊजी


दि. २० फेब्रुवारी

ती. भाऊजींस सा. न. वि. वि.

ती उचकी नाही, तो दोष आहे. सुराला खाली पाडणारा जो भाग, त्याचं उलटं टोक तुम्ही सुराच्याच नाकात खुपसलंत. आतली जोडणी सुटली, म्हणून जो सूर पडायचा तो चढतोय. मागच्या पत्र्यावर माझी सही कोरलेली आहे. माझ्या सहीचं यंत्र भर सभागृहात उचक्या देणार नाही.

ताईला सांगा, राक्षस हा राक्षस असतो. रविवारी सकाळी स्क्रू ड्रायव्हर घेऊन स्वतः येतो. खेळात तुमच्या शेजारी बसेन. ठोका तुम्हीच द्या, पण एका बोटाने. दुसरा हात खिशात.

लोभ कायम, विश्वास जपून.

आपला
मेव्हणा


दि. २७ फेब्रुवारी

चि. खटपट्या यास अ. उ. आ.

परवाच्या गडबडीत तू बस गाठायला पळालास, बोलणं राहिलं.

तुझा धप्प अस्सल होता, हे आधी कबूल करते. तू सकाळभर मान वाकडी करून बसलास आणि तो आणलासच. आणि म्हणूनच पंचाईत झाली. राक्षसाने पहिलं पाऊल टाकलं आणि खुर्च्या थरथरल्या. दुसरं टाकलं तेव्हा पुढच्या रांगेतली एक चिमुरडी आईच्या मांडीवर चढली. तिसऱ्याला कोपऱ्यातून मुसमुस सुरू झाली, मग तिची साथ आली. तीन बायका पिशव्या आवरून उठल्या. मॅनेजर दारात हाताची घडी घालून उभा. मी पडद्याआड राक्षसाचा पाय अधांतरी धरून उभी. टाकावा तर सभागृह रिकामं, न टाकावा तर खेळ बंद.

चौथा ठोका पडला. धु-ऊ-प्!

मला वाटलं, ह्यांनी तुझा डोळा चुकवून वायर घातली. फटीतून पाहिलं तर ह्यांचा दुसरा हात शहाण्यासारखा खिशात, आणि पिवळ्या वायरीवरून बोट काढून घेणारा तू.

मांडीवरची चिमुरडी आधी हसली. मग जे काही फुटलं, ते शेवटपर्यंत थांबलं नाही. उठलेल्या बायका उभ्यानेच हसत राहिल्या, मागचे लोक त्यांना बसा बसा म्हणून ओरडायला लागले. जादूगार आला होता. तोही खो खो हसला, मग आपण इथे कशाला आलोय ते आठवून गप्प झाला. मॅनेजरने रविवार आमच्या नावावर केले. राक्षस उचक्याच देत राहिला पाहिजे, अशी त्याची अट आहे.

हे आता पाहुण्यांना सांगतात, शोध माझा, वायरिंग मेव्हण्यांचं. ये आणि समोरासमोर भांड.

जीव आहेच तुझ्यावर, पत्रात कशाला लिहू.

तुझी
ताई


दि. १ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

वायर मी घातली. तीन बायका उठल्या होत्या आणि तुझ्या राक्षसाचा पाय हवेत होता. दोष की गुण, हे ठरवायला तेव्हा सवड नव्हती. आता ठरवतो, गुण आहे. शोध कुणाचा, यावर भाऊजींशी प्रत्यक्षच बोलेन.

एक गोष्ट तुला ठाऊक नाही, तू पडद्यामागे आवरत होतीस. खेळ सुटल्यावर मी मेन स्विच बंद करायला जिन्याखाली गेलो होतो. वरून मुलं उतरत होती. एकेक पायरीवर दोन्ही पाय जोडून उडी, धप्प, मग तोंडाने उचकी, मग हसू. कुणी अर्धा ठोका आधी, कुणी मागे, कुणाच्या बुटाचा बंद सुटलेला, तो फटफटत खाली. जिना लाकडाचा, खालून पोकळ. मी स्विचवर हात ठेवून शेवटचं मूल उतरेपर्यंत उभा होतो.

परवापासून नवं यंत्र उघडून तोच आवाज लावायला बसलोय. पाऊल जमतं. जिना जमतो. बुटाची फटफटसुद्धा जमली. सगळं एकत्र केलं की नुसता पाऊस पडल्यासारखा आवाज येतो, मुलं येत नाहीत. कुठलाही नॉब फिरवला तरी येत नाहीत. मला तो जिना पुन्हा ऐकायला हवा. रविवारी येतो, आणि पुढच्याही. चकती मी वाजवीन. शेवटचा प्रवेश मात्र भाऊजींना द्यावा लागेल, कारण त्या वेळी मी जिन्याखाली असेन. तिथे एक स्टूल ठेवायला सांग.

बाकी भेटीत. तोवर लोभ आणि स्टूल, दोन्ही राखून ठेव.

तुझा
भाऊ